रिकामे खळगे

खण्ण!

पहाटेच्या शांततेत भांड्यांच्या जाळीतून एक चमचा निसटला आणि फरशीवर आपटून, आपल्या पडण्याची दवंडी पिटल्यासारखा गरगर फिरत राहिला. ओट्याशी उभ्या असलेल्या तिने श्वास रोखून आतल्या खोलीकडे कान दिला. क्षणभर काहीच नाही. मग आतून आरोळी आली, "आई! कोण पडलं?"

झालं. घर जागं झालं.

चार वर्षांच्या त्या लेकीला घरात सगळे भोपू म्हणत. का म्हणत, हे तिचा आवाज एकदा ऐकलेल्याला विचारावं लागत नसे.

"कुणी नाही गं, चमचा पडला."

"लागलं त्याला?"

"नाही. झोप तू."

"मग ओरडला का?"

पांघरुणाखालून नवऱ्याचा आवाज आला, "भोपूबाई, चमच्याला झोपू दे. जमलं तर बापालाही."

तिने चमचा उचलला आणि नकळत आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. काल भांडी तिनेच लावली होती. चमचा नीट खोचला होता की नाही? पूर्वी असले प्रश्न तिला पडत नसत. गेले काही दिवस मात्र दाराची कडी लागली नाही, दूध सांडलं, बटण निसटलं, काहीही झालं की ती आधी या हाताकडेच बघायची, जसं घरात काही हरवलं की सगळे एकाच पोराकडे बघतात.

नवरा डोळे चोळत आला. "काय बघतेस? चमचाच पडला, विमान नाही."

"आज तिसरी प्लेट आहे."

तो जवळ आला. मग हळूच म्हणाला, "आणि आजही तसंच झालं तर?"

"तर जंतांचं टेबल दुसऱ्या कुणाला. मी वाळवणाच्या खोलीत. पाला निवडायचा, दळायचा, बाटल्यांवर आकडे चिकटवायचे."

"त्यात वाईट काय आहे?"

"वाईट काही नाही रे. पण ते माझं नाही."

त्याने तिच्या हातातून चमचा घेतला, धुतला आणि स्वतःच जाळीत उलटा खोचला.

तिच्या प्रयोगशाळेचं काम सांगायला सोपं होतं. ठिकठिकाणचे जाणकार अंगातल्या जंतांवर पिढ्यानपिढ्या जो झाडपाला देत आले, तो आणायचा, वाळवायचा, दळायचा, त्याचा अर्क काढायचा आणि जंतांना त्या अर्कात ठेवून बघायचं, मरतात का. हातानं करायला गेलं की मात्र भल्याभल्यांना घाम फुटे. जंत तिळाएवढे. ते ज्या प्लेटमध्ये ठेवायचे, तिच्यात बोटाचं टोक मावेल एवढाले खळगे. प्रत्येक खळग्यात अर्काचे चार थेंब. त्यात जंत सोडायचे, न दुखावता, न हरवता.

ते तिच्याइतकं कुणाला जमत नसे. म्हणूनच तिला सगळे सुई म्हणायचे. मग भोपू झाली, सुई तीन वर्षं घरी राहिली आणि परत आली तेव्हा नाव तेवढं शिल्लक होतं. हात तोच आहे का, याची खात्री तिची तिलाच नव्हती.

आणि हे जंत म्हणजे काय चीज आहे! तळ्याच्या पाण्यातल्या गोगलगाईंच्या पोटात वाढतात, पाण्यात उतरतात आणि पोहायला आलेल्या पोरांच्या कातडीतून आत शिरतात. आत गेल्यावर शरीराचाच अंगरखा पांघरतात, की शरीराच्या पहारेकऱ्यांना वाटावं, आपल्यातलाच कुणीतरी आहे. मोठा झालेला नर आपल्या अंगाच्या घडीत मादीला घेतो आणि दोघं तशीच, एकमेकांना न सोडता, रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं संसार करतात. वर रक्ताची धार अखंड वाहते आहे आणि हे तिच्या विरुद्ध बाजूला तोंड करून, भिंतीला धरून बसलेले. धरायला काय, तर दोन इवल्या वाट्या, एक तोंडाशी आणि एक जरा खाली. त्या वाट्या भिंतीला चिकटल्या की रक्ताच्या लोंढ्यालाही ऐकत नाहीत.

सुईने कितीदा तरी हे बघितलं होतं. तरी दर वेळी मायक्रोस्कोपला डोळा लावला की तिच्या अंगावर काटा येई. एवढीशी वस्तू, आणि जगायचा केवढा हा बेत! त्या बेतापायी तळ्याकाठच्या पोरांची पोटं फुगत, लघवीतून रक्त जाई, वर्गात बसल्या बसल्या डोळे मिटत. यावर धड औषध एकच. तेही कोवळ्या जंतांपुढे हात टेकायचं. म्हणून प्लेटमध्ये कोवळे जंत होते.

घोळ झाला होता तो धुण्यात. झाडपाल्याचा अर्क म्हणजे कडक उकळलेल्या चहाहून काळा. त्यातून खालचं काही दिसत नाही. म्हणून रात्रभर जंत अर्कात ठेवायचे आणि सकाळी प्रत्येक खळगा कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार धुवायचा. पिपेटने पाणी सोडायचं, ओढून घ्यायचं, ब्लीचच्या बरणीत टाकायचं. पाणी नितळ झालं की मायक्रोस्कोपखाली मेलेले आणि जिवंत वेगळे मोजायचे.

पहिल्या प्लेटमध्ये धुऊन बघते तर एका कोपऱ्यातले तीन खळगे रिकामे. मेलेले नाहीत, जिवंत नाहीत, जंतच नाहीत. सगळे समजले काय झालं ते. पिपेट जोरात ओढली गेली, जंत पाण्याबरोबर वर आले आणि बरणीत गेले. नवशिक्यांचं हमखास होतं असं. दुसऱ्या प्लेटमध्ये पुन्हा तेच, फक्त या वेळी मधले तीन.

"सुई," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या, आणि त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, "झोप होते का गं तुझी?"

"होते."

"लेकरू लहान आहे. मला कळतं. मीही दोन वाढवलेत. थोडे दिवस वाळवणाच्या खोलीत बसलीस तर काही बिघडणार नाही. एकदा बघ अजून. नाहीतर मग तसंच करू."

त्या शेवटच्या 'करू'मध्ये एवढी माया होती, की सुईला रडूच आलं असतं.

आज तिने हात गरम पाण्यात शेकून घेतले. इनक्युबेटरमधून तिसरी प्लेट काढली, टेबलावर ठेवली आणि एक जास्तीचं काम केलं. ब्लीचची बरणी बाजूला सरकवून तिच्या जागी छोट्या काचेच्या बश्या मांडल्या, एकेका खळग्यासाठी एकेक. काढलेलं पाणी आज बरणीत जाणार नव्हतं. चोर पकडायचा तर चोरीचा माल तरी हाती लागायला हवा. आणि चोर कोण, हे तर तिला ठाऊकच होतं. आपला हात नेमका कुठे चुकतो, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. मग वाळवणाच्या खोलीत जायलाही तिची ना नव्हती.

पिपेट कलती धरायची. टोक काचेच्या कडेला टेकवायचं. पाणी असं सोडायचं, की खळग्याला ते आल्याचं कळूही नये. झोपलेल्या भोपूच्या अंगाखालून हात काढून घेताना ती जसा काढायची, तसं पाणी ओढायचं. एक रांग झाली. दुसरी झाली. सगळे जंत जागच्या जागी. काही चिकटल्या चिकटल्याच मेलेले, काही वळवळणारे, पण जागच्या जागी. तिला आशा वाटू लागली.

तिसऱ्या रांगेतला एक खळगा नितळ झाला. रिकामा होता.

पुढचा खळगा धुताना तिने श्वाससुद्धा घेतला नाही. तोही रिकामा. त्याच्या शेजारचाही.

तिने पिपेट खाली ठेवली. मग ठरवल्याप्रमाणे त्या तीन बश्या मायक्रोस्कोपखाली घेतल्या. होते की सगळे तिथे. आणि जिवंत होते! पाण्यात गिरक्या घेत होते, आळोखेपिळोखे देत होते, जत्थ्याने अंघोळीला उतरल्यासारखे. म्हणजे अर्क कुचकामी आणि हातही कुचकामी. दोन्हीकडून वाटोळं.

उठता उठता तिने सहज म्हणून बाकीच्या बश्याही बघून घेतल्या. पहिल्या रांगेच्या पाण्यात एकही जंत नव्हता. दुसऱ्या रांगेच्याही नाही. तिसऱ्या रांगेतल्या उरलेल्या खळग्यांच्याही नाही. हात तर एकच होता. मग तो तीनच खळग्यांपुरता चोर कसा झाला?

ती परत खाली बसली.

तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या पाण्याच्या खळग्यातला एक जंत तिने मऊ कुंचल्याने अगदी हलके सोडवला. सोडवतानाच केवढा त्याचा हट्ट! सुटला मात्र, की वळला, काच चाचपली आणि दोन्ही वाट्या टेकवून पुन्हा घट्ट. मग तिने बशीतल्या गिरक्या घेणाऱ्यांपैकी एकाला काचेवर ठेवलं. तो वळला, त्यानेही काच चाचपली, वाटी टेकवली. वाटी घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. जिवंत होता, धडधाकट होता, फक्त त्याला धरताच येत नव्हतं.

सुईने कुंचला खाली ठेवला.

ती तडक गणितीच्या खोलीत गेली. गणिती म्हणजे हिशेब बघणारा पोरगेलासा गृहस्थ. कुणाला मनात धरून बघता येऊ नये म्हणून सगळ्या बाटल्यांची नावं काढून त्यांवर आकडे घालायचे, प्रत्येक बाटलीला तीन खळगे द्यायचे आणि दर प्लेटला त्यांच्या जागा फिरवायच्या, हे त्याचं काम. कुठल्या आकड्याखाली कोणतं झाड, हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत नसायचं आणि तो कुणाच्या बापाला सांगायचा नाही.

"नाही सांगणार," तिने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला.

"मी अजून काही विचारलं नाही."

"सुईताई, तुमचा चेहरा विचारतोय."

"झाडाचं नाव नको मला. एवढंच सांग, रिकामे खळगे तिन्ही वेळा एकाच बाटलीचे होते का?"

"ते रिकामे? ते मी हिशेबात घेतच नाही. सांडलेले म्हणून उडवून टाकतो. सांडलेल्याचा काय हिशेब करणार?"

"बघ तरी."

तो कुरकुरत कॉम्प्युटरकडे वळला. पहिली प्लेट, कोपरा. दुसरी, मधोमध. तिसरी, आजची. तो बघत राहिला. मग त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"एकच बाटली," तो म्हणाला. त्याच्या आवाजातला सगळा मिश्कीलपणा उडाला होता. "ताई, सांडायचं तर कुठलंही सांडेल ना? तिन्ही वेळा हेच कसं सांडेल?"

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला, जो त्या कायम विचारायच्या. "मेले का?"

"नाही. जिवंत आहेत."

"मग अर्क निकामी. आणि जंत उडाले ते उडालेच. सुई, हाताची चूक झाली तर झाली. तिच्यासाठी शास्त्र कशाला उभं करायचं?"

हे जरा लागलं. पण ते लागलं म्हणूनच तिला पुढचं बोलता आलं. "मग तुम्ही धुवा, मॅडम."

"काय?"

"दोन खळगे भरू. एकात हा अर्क आणि दुसऱ्यात कुठलाही तेवढाच काळा. कशात काय ते गणितीला माहीत. तुम्हाला नाही, मलाही नाही. तासाभराने तुम्ही तुमच्या हाताने धुवा."

गणितीने दाराआडून मान आत घातली. "मला चालेल."

"तुला कोण विचारतंय?" मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी हातातली बांगडी काढून खिशात टाकली होती.

मॅडमचा हात म्हणजे त्या इमारतीत दंतकथाच होती. तासाभराने त्यांनी पहिला खळगा धुतला. जंत जागच्या जागी, टिच्चून बसलेले. दुसरा धुतला, पाणी नितळ झालं आणि मॅडम वाकून बघत राहिल्या, बघतच राहिल्या. खळगा रिकामा होता.

मॅडमनी पिपेट खाली ठेवली.

"माझीही झोप झालेली नाही, असं समजायचं का?" मॅडम म्हणाल्या. गणिती फिस्सकन हसला. सुईला हसता येईना, कारण तिचा हात थरथरायला लागला होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तो खरोखर थरथरत होता, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मग त्यांनी ते उघड्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं. अर्काचा एकच थेंब काचपट्टीवर इतका पातळ पसरला, की काळा रंग फिका सोनेरी झाला आणि प्रकाश त्यातून आरपार आला. त्यात एक जंत सोडला. मायक्रोस्कोप पडद्याला जोडला. तिघंही खुर्च्या ओढून पुढ्यात बसली.

जंत चालत होता. पुढची वाटी टेकव, अंग ताण, मागची वाटी उचल, पुढे आण, टेकव. सुरवंटासारखा. पडद्यावर तो हाताएवढा दिसत होता. त्याच्या पारदर्शक अंगातून आतली हालचाल दिसत होती, मंद, एकसारखी, जशी दूरच्या घरात दिव्यामागे माणसं वावरताना दिसावीत. त्याने एक जागा धरली आणि थांबला. घट्ट. कुंचल्याने हलवलं, ढिम्म.

तिघंही वाट बघत राहिली. काही होत नव्हतं. गणितीने जांभई दिली आणि मॅडमनी डोळे वटारल्यावर अर्धीच गिळली.

आणि मग वाटीची कड हलली.

जरा कुठे थरथरली. सगळीकडून नव्हे, एका बाजूने. आपण गाढ झोपलेल्या बाळाच्या मुठीत बोट देऊन बसलेलो असतो; ती मूठ कधी सैल झाली ते कळत नाही, झाल्यावर कळतं. अगदी तशी ती कड उलगडली. वाटी उघडी झाली, पसरली, सपाट झाली. जंताला जणू ते कळलंच नाही. तो तसाच त्या जागी होता, जिवंत, आपल्या आतल्या दिव्यासकट, पण आता काहीही न धरलेला. मग थेंबाच्या पोटात कुठूनसा एक सूक्ष्म प्रवाह आला आणि तो त्याच्याबरोबर हलकेच निघून गेला.

सुईला वाटलं, आपण काहीतरी असं बघितलंय, की जे बघण्याआधी देवळात शिरताना काढतात तशी पायातली चप्पल काढायला हवी होती.

"आपण मेला का, एवढंच विचारत बसलो," शेवटी मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता. "रक्ताच्या धारेत ज्याची पकड सुटली, त्याला मारायची गरज काय? तो वाहत जाणार. शरीर त्याचं बघून घेईल."

"मग हे औषध झालं?" गणितीने विचारलं.

"छे! हे काचेवर झालं. अंगात जाऊन हा अर्क पचेल, विरेल, कदाचित माणसालाच बाधेल. वर्षं लागतील आणि हातात काही न येण्याचीही तयारी ठेवा." मग त्या सुईकडे वळल्या. "उद्या चौथी प्लेट लाव. धुण्याचं पाणी बश्यांत घ्यायचं, आता कायमचं. आणि हे टेबल तुझं. मला बाई अर्धा तास वाकून उभं राहवत नाही."

त्यांना तेवढंच म्हणायचं होतं. पण जाता जाता त्यांनी सुईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, क्षणभर धरला आणि सोडला.

बाटलीचं नाव गणितीने मग उघड केलं. तळ्याकाठच्या चिखलात पसरणारा एक वेल निघाला. खरखरीत पानांचा, गुरंही तोंड लावत नाहीत असला. एका जाणत्या बाईने मुळं पाठवली होती आणि निरोप असा की फुगलेल्या पोटाच्या पोरांना आम्ही हेच देतो, आमच्या आज्याही हेच देत. ज्या काठावर रोग, त्याच काठावर हा वेल. वाळवणाच्या खोलीत जाऊन सुईने त्यातलं उरलेलं एक मूळ उचललं. बोटभर, मातकट, वासाला ओल्या मडक्यासारखं. जगात एवढी झाडं. त्यातलं हेच, आणि पान नव्हे, मूळच, कुणीतरी पहिल्यांदा खणून काढलं असेल. त्या बाईजवळ मायक्रोस्कोप नव्हता, प्लेट नव्हती. कदाचित पुढ्यात निपचित पडलेलं लेकरू तेवढं होतं. त्याच्या ओठांशी हा कडू घोट नेताना तिचा हात किती थरथरला असेल!

सुईने ते मूळ दोन्ही हातांनी अलगद परत जागेवर ठेवलं.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा नवरा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ती हसली. तो भिंतीला टेकून म्हणाला, "हुश्श! मी दिवसभर वाळवणाच्या खोलीचं कौतुक पाठ करत होतो. वाया गेलं सगळं."

"ऐकव की तरी."

"नको. राहू दे पुढच्या संकटाला."

भोपू येऊन मांडीवर चढली. तिला आईने प्रयोगशाळेतून फोनमध्ये घेऊन आणलेला व्हिडिओ हवा होता. आईने कसलातरी किडा आणलाय, एवढं तिने आईबाबांच्या बोलण्यातून बरोबर टिपलं होतं. सुईने तिला जवळ घेतलं आणि पडद्यावर तो सोनेरी थेंब उजळला.

"हा चालतोय कसा?"

"त्याला दोन वाट्या आहेत. एक टेकवतो, एक उचलतो."

"त्याला डोळे आहेत?"

"नाहीत."

"मग त्याला आई दिसत नाही?"

"त्याची आई त्याला ओळखतही नाही गं. तो एकटाच मोठा होतो."

भोपूने यावर थोडा विचार केला आणि ते सोडून दिलं. जंत थांबला. कुंचला आला, गेला. मग वाटीची कड थरथरली आणि कधी नव्हे ते भोपूचा आवाज बंद झाला. तिचं तोंड उघडं राहिलं. वाटी उलगडली. जंत सुटला आणि प्रकाशातून हळूहळू वाहत पडद्याबाहेर गेला.

"परत," ती कुजबुजली.

त्यांनी परत बघितलं. अजून एकदा बघितलं. नवराही येऊन मागे उभा राहिला.

"त्याला कुणी ढकललं?"

"कुणी नाही. त्या पाण्यात एका झाडाचा रस आहे. त्या रसाने त्याने सोडलं."

"झाडाने त्याला मारलं?"

"नाही. मारलं नाही."

"रागावलं?"

"नाही गं."

भोपूने फोन आपल्या इवल्या हातांत घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि पडद्यावरच्या रिकाम्या सोनेरी थेंबाकडे टक लावून बघितलं. मग आईकडे वळून तिने विचारलं, "मग झाड त्याला काय म्हणालं?"